दारापर्यंत

स्कूटर लावून जिना चढताना शालनने आज साडीच्या निऱ्या सावरल्या नाहीत. अंगावर उडी मारणारा ढब्बू सकाळपासून चटईवर पडून होता. म्हातारपणाने त्याचे मागचे पायच गेले होते.

बँकेतून दमूनभागून आल्यावर बारा वर्षं दारापर्यंत धावत यायचा तो हा कुत्रा एकटाच. नवऱ्याची मान मोबाइलमधून वर व्हायची नाही, आणि सासरे, अप्पा, पेपराआडूनच "चहा टाक गं" म्हणायचे. आता तेवढंही कौतुक संपलं, असं मनाशी म्हणत तिने किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला.

तोच दार उघडलं. काठी टेकत अप्पाच दारात उभे होते. मागे ढब्बू पडल्या पडल्या शेपटी आपटत होता.

"तुझ्या स्कूटरचा आवाज आला तसा हा उठायला धडपडायला लागला," अप्पा अवघडून म्हणाले. "बघवेना. म्हटलं, राहू दे बाबा, आज मी जातो."

पुढे काय करायचं ते मात्र त्यांना सुचेना. एकदा ढब्बूकडे बघून त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि विचारलं, "दमलीस का गं?"