अंबाडीची बादली

खुरप्याला अंबाडीच्या मुळाशी काहीतरी मऊ लागलं. प्रमिलाबाईंनी माती बाजूला केली. उकडून सोललेलं अख्खं अंडं होतं. त्याखाली दुसरं, काळं पडलेलं. सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी शाळेच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत भाजी लावली होती. त्यातली ही कोपऱ्यातलीच अंबाडी एवढी का माजली, ते बाईंना आत्ता कळलं. या बादलीजवळ रोज त्रिवेणी बसायची.

सकाळीच वजनं झाली होती. शाळेतल्या बारा अशक्त मुलांपैकी अकरा जणांची वाढली होती. नऊ वर्षांच्या त्रिवेणीचं अर्धा किलो घटून सोळावर आलं होतं. पुढच्या महिन्यातही हेच राहिलं तर ही पोर साध्या तापालाही तोंड देणार नाही, असं डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. आई देगलूरहून आलेली, चार घरची भांडी घासणारी. घरी भात आणि चारू, म्हणजे चिंचेचं पाण्यासारखं सार. पोरीला जे काही बळ मिळायचं ते या गच्चीवरच मिळायचं.

अशक्त मुलांना रोज गच्चीवर एकेक अंडं मिळावं म्हणून कोंबड्या बाईंनीच आणवल्या होत्या, विश्वस्त आबासाहेबांशी भांडून. पण शाळेची स्वयंपाकीण अंड्याला हात लावीना. तेव्हा तीन पिढ्या वकील-मास्तरांच्या, चातुर्मासात कांदाही वर्ज्य असलेल्या घरातल्या बाईंनी स्वतः गच्चीवर चूल मांडून पातेलं चढवलं. वेगळं पातेलं, वेगळा झारा, नाकाला पदर. वाटून झालं की कोपरापर्यंत तीनदा साबण. तारनाक्याला घरी पोचल्यावर आधी अंघोळ. एवढं दुसऱ्या कुणी केलं नसतं, असं त्यांना वाटे, आणि खोटं कशाला बोला, केलं नसतंच.

त्रिवेणी त्यांची लाडकी. बाईंसारखा 'श' काढायची, बाईंसारखी फळा पुसून बोटं झटकायची. वर्गात बाकीची पोरं खिडकीकडे बघत, ही बाईंकडे.

बाईंनी तिला वर बोलावलं आणि बादली दाखवली. पोरगी घाबरली नाही. उलट बाईंना हे आधीच ठाऊक असणार, अशा नजरेनं बघत राहिली.

"बाई, तुम्ही अंडं दिलं की तीनदा साबण लावता ना? नाक बी धरता. गंदं राहतंय म्हणून ना?"

"बाकीची खातात की."

"खाऊ द्या त्यांना. मला बाई व्हायचंय."

प्रमिलाबाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस हातानं अंडं देत होत्या आणि त्याच हातानं काढून घेत होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आजोबा, वडील, देवघर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यांनी ते जाऊ दिलं. चुलीवरच्या पातेल्यातून एक अंडं काढलं, फुंकर घालत सोललं आणि म्हणाल्या, "हे बघ, मी खाते. मग उरलेलं अर्धं तू खायचं."

त्रिवेणी डोळे मोठे करून बघू लागली. बाईंनी अंडं तोंडाजवळ नेलं. पहिला घास तोडला, चावला. तो घशाखाली उतरावा म्हणून त्यांनी मनातल्या मनात देवाची विनवणीही केली. पण डावा हात कधी वर गेला आणि पदर कधी नाकावर आला, हे त्यांना कळलंच नाही. उरलेलं अर्धं त्रिवेणीच्या हातात कोंबून त्या मोरीकडे धावल्या. ओकारी थांबेना. उलटीनं आलं की रडण्यानं कोण जाणे, डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

थोड्या वेळानं पाठीवर एक हाडकुळा हात फिरला. त्रिवेणीनं पाण्याचा लोटा पुढे केला. मग, कुणी न सांगता, साबण.

बाईंनी वळून पाहिलं. बादलीतली माती नुकतीच थापून सारखी केलेली होती. त्रिवेणी फ्रॉकची कड नाकाला लावून, हात धुवायला त्यांच्या मागे रांगेत उभी होती.