मांडुळाचा खोकला

खर्रर्र.

एसी नुकताच थांबला होता, म्हणून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. कणकेचे हात तसेच वर धरून मैथिलीने हॉलमध्ये डोकावलं. टीव्हीखालच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात साप वेटोळं घालून बसला होता. खर्रर्र, खर्रर्र.

"मम्मा, ही हॅज कफ," पाच वर्षांचा सुयश म्हणाला. नाक खोक्याला टेकलेलं.

"शी! लांब हो आधी."

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने, विजयकुमारने, हे ध्यान दुबईतल्या रास अल खोरच्या आपल्या गोदामातून आणलं होतं. तिथल्या हमालाने, अबुजरने, खोक्यांच्या ढिगाखालून झाडूने बादलीत ढकललं, आणि साहेब बादलीसकट देराच्या फ्लॅटवर हजर. "मांडूळ आहे गं. घरात लक्ष्मी येते."

"मांडूळ गुळगुळीत असतं ना? हे तर कानशीसारखं दिसतंय."

"वाळूत राहून झालंय तसं."

लक्ष्मी त्याची, सेवा हिची. फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाला खेटून गोठलेले उंदीर. सुयशला पहिला वरणभात भरवला त्याच वाटीत ते कोमट पाण्यात मऊ करायचे, शेपटी चिमट्यात धरून झाकणाच्या भोकातून सोडायचे. पहिल्या तिघांकडे सापाने ढुंकूनही पाहिलं नाही. चौथा गिळला आणि दोन दिवसांनी ओकला. केस गळलेला, बुळबुळीत, अर्धा विरघळलेला गोळा. त्या वासाने मैथिलीला बेसिनही गाठता आलं नाही. सापाच्या अंगावर खसखशीएवढे किडे वळवळायचे ते वेगळेच.

किळस यायची. पण एक जीव आपल्या घरात उपाशी झिजतोय, हेही तिला बघवेना. आणि मेला तर सुयशला काय सांगायचं?

तिने नवऱ्याला फोन लावला. "छाती घरघरतेय रे त्याची."

"रानातलं जनावर, एसीची सर्दी झाली असेल. उबेचा बल्ब जवळ सरकव."

"डॉक्टरकडे नेऊ?"

"वेडी का? कुठून पकडला विचारतील. नागेशला आवाज पाठव. कोकणातला आहे, त्याला कळतं."

नागेश गोदामातलाच, पण महिनाभर सुट्टीवर कणकवलीला. त्याने हे प्रकरण पाहिलंच नव्हतं. तिने बल्ब खोक्याजवळ सरकवला आणि घरघर रेकॉर्ड करून पाठवली.

"मम्मा, पुट व्हिक्स. लाइक यू डू फॉर मी."

तिला हसू फुटलं. "त्याची छाती कुठे संपते ते तरी कळतं का रे? यल्ला, अभ्यासाला बस."

पोळ्या लाटता लाटता तिच्या लक्षात आलं, आवाज थांबलाय. बल्ब लागू पडला म्हणायचा. शेवटची पोळी तव्यावर टाकताना फोन वाजला. नागेशचा व्हॉइस मेसेज.

"वयनी, ता आजारी नाय! ता फुरसा! रागावला की आंगाक आंग घासता, त्येचो आवाज तो. चावला तर माणूस ऱ्हवाचो नाय. झाकण उघडू नकात, झीलाक लांब ठेवा!"

ती वळली. दारात सुयश उभा होता. हातात व्हिक्सची उघडी डबी, चेहऱ्यावर औषध देऊन आलेल्या डॉक्टरचा रुबाब.

"मम्मा, नो मोअर कफ," तो म्हणाला. "बट व्हेअर डिड ही गो?"