ढोलकीवरचा हात

"हा विकीचा हात न्हाय."

धम्मदिनाने हेडफोन काढून टेबलावर आपटला. केसरीनाथने तो उचलून सरळ ठेवला.

"कोणाकडून वाजवून घेतलीत ढोलकी? ठाण्याचा कोणी आणलात का?"

"ताई, आधी बसा."

"बसायला न्हाय आले मी."

विकी दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याला असं उभं बघून तिच्या डोक्यात आणखीच सणक गेली. सात वर्षं हा धाकटा भाऊ तिच्या गाण्यांना ढोलकी वाजवत होता. वडपे गावातल्या घरात, मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, मोबाईलला माईक जोडून दोघं गाणी रेकॉर्ड करायची. शेजारच्या गोडाऊनला कंटेनर मागे यायला लागला की त्याची पीं-पीं गाण्यात शिरायची, मग पुन्हा पहिल्यापासून. कंटेनर नसताना गाणं बिघडलं तर ती विकीवर ओरडायची. "तुझी लय पळते. तुझ्यामुळे होतं सगळं." तो ऐकून घ्यायचा.

पण ते घरातलं होतं. बहिणीने भावाला बोलणं वेगळं, आणि परक्याने त्याला गाण्यातून उचलून बाहेर टाकणं वेगळं.

अंबाडी रस्त्यावरच्या या स्टुडिओत ती दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आली होती. गोडाऊनमध्ये माल चढवणाऱ्या बायांवर तिने गाणं लिहिलं होतं, 'पाठीवरती खोकं माझ्या, पत्ता दुसऱ्याचा.' स्टुडिओचा मालक केसरीनाथ बारा वर्षं एका बँडमध्ये वाजवलेला माणूस. मोबाईलवरचं गाणं ऐकून तो म्हणाला होता, "गाणं भारी हाय. पण घरी करता तसं इथे करायचं न्हाय. आधी एक दिवस इथे येणाऱ्या बँडचं काम बघायला या."

दोघं गेली. बँड महिनाभर तालीम करून आला होता. तरी त्यांचा ड्रमवाला कानात लयीची टिकटिक लावून एकच तुकडा वीस वेळा वाजवत बसला. 'पुन्हा' म्हटलं तर कोणी तोंड वाकडं करत नव्हतं. गायकाने जीव ओतून गायलेलं कडवं त्याच्याच गिटारवाल्याने "नाही जमलं" म्हणून पुसायला लावलं, आणि गायकाने पाणी पिऊन ते परत गायलं. विकी डोळे फाडून बघत होता. धम्मदिना जांभया देत होती.

"यांना स्वतःचीच गाणी येत न्हाईत," येताना रिक्षात ती म्हणाली. "आपलं एका दमात होतं."

त्यानंतर विकी कामावर जेवणाच्या सुट्टीत कानात टिकटिक लावून गोडाऊनमधल्या खोक्यांवर बोटं चालवायला लागला. तिने त्याचीही थट्टा केली.

मग रेकॉर्डिंग झालं. तेही बँडच्याच पद्धतीने, आधी नुसती ढोलकी आणि मग गाणं. विकीला आत एकट्याला बसवलं, अर्ध्या दिवसात मोकळं केलं. धम्मदिनाला मात्र चार दिवस सोडलं नाही.

"पुन्हा, ताई. 'दुसऱ्याचा'वर सूर उतरतोय."

चौथ्या दिवशी तिचा संयम संपला. "पंधरा वर्षं गातेय मी. आता परत गाणार न्हाय. आहे त्यातलं निवडा."

"बरं," केसरीनाथ म्हणाला. "मृणालीकडून सगळं गाणं डबल गाऊन घेतो. तुमच्या आवाजाखाली तिचा आवाज बारीक ठेवला की गाणं भरल्यासारखं वाटतं. बँडवालेही तसंच करतात."

मृणाली त्याच्याकडे कोरसला यायची. तिने धम्मदिनाची एकेक हरकत, श्वास घ्यायची जागासुद्धा, तशीच्या तशी उचलली. धम्मदिनाला त्याचं कौतुकच वाटलं होतं.

आणि आज गाणं तयार होतं.

"एक थाप इकडची तिकडे न्हाय," ती केसरीनाथला म्हणाली. "विकी असा वाजवतो?"

"वाजवू शकत न्हाय?"

"सात वर्षं शेजारी बसलेय मी त्याच्या. मला शिकवू नका! माझा आवाज ऐका. धड माईक मिळाला तर कसा लागलाय! कुठे कमी पडलाय का? आणि माझ्याच गाण्यात माझा भाऊ न्हाय?"

केसरीनाथने विकीकडे पाहिलं. विकीने नकारार्थी मान हलवली.

"न्हाय विकी, आता सांगायला पाहिजे," केसरीनाथ म्हणाला. "ज्याचं बदललं त्याला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी हाय."

"म्हणजे बदललंय!"

"हो. बदललंय."

कबूल केल्यामुळे ती आणखी भडकली. आई असती तर आपल्याआधी तिनेच टेबल उलटं केलं असतं, असं धम्मदिनाला वाटलं.

"रविवारी गाणं बाहेर पडणार ना? मग ऐका. जो वाजवतो त्याचं नाव, जो गातो त्याचं नाव. दुसऱ्याच्या कामावर आमच्या घरातलं नाव नको. विकीचं नाव काढा आत्ता, माझ्यासमोर. आणि त्याचं निघालं की माझंही काढा. असल्या गाण्यावर मला माझंही नाव नको."

केसरीनाथने कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढे ओढला, पण एकही नाव पुसलं नाही.

धम्मदिना भावाकडे वळली. "आणि तू? तोंडात काय बोळा कोंबलाय? तुझे हात कापले यांनी, आणि तू गप्प उभा? बोल ना!"

विकीने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, हात माझाच हाय," तो म्हणाला. "आवाज तुझा न्हाय."