पहिलं नाक कोणाचं

"नाक कोनत्या दिवशी वाहाले लागलं?" हरिदासने वही मांडीवर घेत विचारलं.

"बुधवारी," मंगरूची बायको म्हणाली.

तिचं चार महिन्यांचं लेकरू रविवारी गेलं होतं. सर्दी छातीत उतरली, धाप लागली. हरिदास तेव्हा नदीपलीकडच्या गावात फेरीवर होता आणि एटापल्लीच्या दवाखान्याची गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

लेकरू गेलं म्हणजे कोणीतरी दोषी हवंच. गावाला फार शोधावं लागलं नाही. बुधरी एकटी, विधवा, त्यात त्याच्या आधीच्या रविवारी एटापल्लीच्या बाजाराला जाऊन आलेली. तिनेच दुखणं आणून लेकरांवर सोडलं, असं ठरलं. तिने गाव सोडायचं, हेही ठरलं. हरिदासने गावपाटील चैतूकडून कशीबशी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

"चैतूभाऊ, सर्दी करनीनं होत नाई. शेंबूड हाताले लागते, तोच हात लेकराच्या नाकाले लागते. दोन-तीन दिवसांनं लेकरू शिंकते. पयलं नाक कोनाचं वाहालं, ते पाहू," तो म्हणाला होता.

"पाहा. तुमी म्हनाल ते गाव मानते."

गाव मानणारच. आठ वर्षं हा आरोग्य कार्यकर्ता घड्याळ धरून लेकरांचे श्वास मोजत होता, वेळेवर औषध पाजत होता. दहा-बारा जीव त्याने मरणाच्या दारातून ओढून आणले होते. तो दारात दिसला की बाया न सांगता लेकरू त्याच्या मांडीवर देत. त्यालाही लेकरांचा भारी लळा. आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने प्रत्येकाचं नाक पुसायचं, मग श्वास मोजायचे, ही त्याची रीत.

बुधरी दारात बसली होती. शेजारी गाठोडं बांधलेलं.

"तुमचं नाक कधीपासून, बाई?"

"शनिवारपासून. मंगरूचं लेकरू मीच घेऊन बसत होती, भाऊ. त्याच्या मायले झोप नोती." ती शिंकली आणि घाबरून पदर तोंडाला लावला. "मी नाई आनली."

"लेकराचं बुधवारी सुरू झालं, तुमचं शनिवारी. तुमी नाई आनली. संध्याकाळी सगळ्याईसमोर सांगतो."

"मंग गाठोडं सोडू?"

"सोडा."

तिने गाठ सोडली आणि दोन लुगडी पुन्हा वलणीवर टाकली. हरिदासला फार बरं वाटलं.

आजारी घरं सात. सातही ठिकाणी बुधवार नाहीतर गुरुवार. म्हणजे सोमवारी कोणीतरी या सातही घरांत गेलं होतं. शेवटच्या घरी त्याने म्हातारीला विचारलं, "सोमवारी बाहेरचं कोन आलं होतं?"

म्हातारी हसली. "तुमच्याबिगर कोन येते, भाऊ?"

हरिदासने वहीचं मागचं पान उलटलं. सोमवारचं. त्याच्याच अक्षरात तीच सात घरं, त्याच क्रमाने. त्या दिवशी डोकं जड होतं, नाक गळत होतं. गोळी घेऊन तो आला होता, कारण फेरी चुकवणं त्याला कधी जमलंच नाही. दिवसभर त्याने त्याच दुपट्ट्याने स्वतःचंही नाक पुसलं होतं.

तो नाल्यावर जाऊन बसला. दुपट्टा दोनदा धुतला. मंगरूचं लेकरू त्याच्या मांडीवर कसं हसलं होतं ते आठवून त्याला रडू आलं. मग भीती वाटली. उद्या कोणती माय या मांडीवर लेकरू देईल?

संध्याकाळी सगळं गाव जमलं. मंगरू मान खाली घालून बसला होता. बुधरी हात हलवत, मोकळीच आली आणि पुढेच बसली. हरिदासकडे पाहून जरा हसलीही.

"सांगा, हरिदासभाऊ," चैतू म्हणाला. "पयलं नाक कोनाचं?"

हरिदासने वही उघडली, पानावर बोट ठेवलं.

"बुधरीबाईचं," तो म्हणाला.