डुलकीतला वेग

तैपेईच्या त्या ऑफिसात ब्लॉकचेनचे, म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्या सामायिक खातेवहीचे, आठ तुकडे करून वेग वाढतो का, याची चाचणी चालली होती. एकाच तुकड्यात मिटणारे सोपे व्यवहार आणि दोन तुकड्यांत हेलपाटे घालणारे अवघड, सगळे मिसळून सोडले की काम दिवसभर रडतखडत चालायचं. जेवणानंतर तिथल्या रिवाजाप्रमाणे दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपले, की मात्र वेग तिप्पट!

"पाणी मुरतंय कुठंतरी," टीमप्रमुख श्युएफन पुटपुटली. "चाचणी चालवणारा हा तिंगवेई आम्ही झोपलो की अवघड व्यवहार गाळतोय."

आठही तुकड्यांना क्षणाक्षणाला 'काय केलंस, दाखव' असं विचारणारा कॉम्प्युटर तिनं महिन्यापूर्वीच भिंतीशी बसवला होता. आज ती स्वतःच झोपेचं सोंग घेऊन, एक डोळा किलकिला करून पडली.

तिंगवेई खरंच उठला. चोरपावलांनी भिंतीशी गेला आणि त्यानं त्या कॉम्प्युटरचा प्लग काढला.

"सापडलास! काय लपवतोयस?"

"लपवतोय कुठं, ताई? याचा उजेड डोळ्यावर येतो. रोजच काढतो, उठलो की परत लावतो."

तिनं तडक नोंदी उघडल्या. एकही अवघड व्यवहार गाळलेला नव्हता.


क्षणाक्षणाला जाब विचारणारा तिचा पहारा उठला होता, आणि आठही तुकडे मुकाट तिप्पट वेगानं राबत होते.