चौथ्या मजल्यावरचं गिऱ्हाईक

"तीस सेकंद," खातूसाहेब म्हणाले. "दार उघडल्यापासून तीस सेकंदांत माल गिऱ्हाइकाच्या हातात गेला पाहिजे. नाहीतर दार बंद."

भगवानने मान हलवली. ही त्याची सहावी मुलाखत. आधीच्या पाच ठिकाणी 'कळवतो' म्हणाले होते आणि कोणीही कळवलं नव्हतं. पहिल्या दोन वेळा त्याला वाईट वाटलं होतं. आता दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो तसं झालं होतं. काहीतरी ओढलं जातंय एवढं समजायचं, दुखायचं नाही. ही नोकरी गेली तर सोमवारपासून मामाच्या दगडखाणीवर जायचं, असं घरी ठरलं होतं. बी. ए. झालेल्या माणसाच्या हातून दगड जास्त चांगले फुटतात असा मामाचा समज नव्हता, पण बहिणीचा शब्द त्याला मोडवला नव्हता.

साहेबांनी टेबलावर पिशवी ठेवली. आत दाराच्या साखळ्या होत्या. दार चार बोटं उघडून बाहेर कोण उभं आहे ते बघायचं, त्यासाठीच्या. नव्या शहरात चोरांची भीती फार, असं कंपनीचं मत होतं. साल एक्क्याऐंशी. वाशीत तेव्हा माणसांपेक्षा सेक्टर जास्त होते. एखादा चोर आलाच असता, तर परतीच्या बसची वाट बघण्यातच त्याचा दिवस गेला असता.

"समोरची इमारत. चौथा मजला, सोळा नंबर," साहेब म्हणाले. "एक विकून या."

"आनि बाकीची घरं?"

"बाकीच्यांना कुलपं आहेत."

सोळा नंबरचं दार पहिल्याच घंटेला उघडलं. पंचेचाळिशीच्या एक बाई हातात पैशांचं पाकीट घेऊनच उभ्या होत्या.

"किती द्यायचे?" त्यांनी विचारलं. पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही.

इतकं तयार गिऱ्हाईक भगवानने ऐकलेलंही नव्हतं. पण तो जासई गावचा. जासईत कोणी दारातूनच कामाचं बोलला, तर ऐकणारा आधी 'कोण गेलं?' असं विचारतो. दारातून निरोप फक्त मयताचा देतात. बाकी कामांना आधी आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, माणसांची आणि म्हशीची चौकशी करायची. काम निघता निघता सांगायचं, तेही आठवलं तर.

"जरा पानी मिळंल का, मावशी?" तो म्हणाला.

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. मग पाकीट टीव्हीवर ठेवून आत गेल्या.

पाणी पिऊन झाल्यावर भगवानने रीतीप्रमाणे विचारलं, "घरात कोन कोन असतं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. भगवानने पुढं विचारलं नाही. म्हशीची चौकशी करण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून तो स्वतःच्याच घराबद्दल सांगू लागला. आई बहिरी आहे, तरी रेडिओ मोठ्याने लावते. शेजाऱ्यांना ऐकू यावा म्हणून.

बाई हसल्या. हसण्याचा आवाज ऐकून त्या स्वतःच दचकल्या. मग चहा टाकला, आणि चहा उकळायच्या आत त्यांचं सुरू झालं. गिरगावातली चाळ. बयाबाई म्हणून शेजारीण, जी नऊ वर्षं अबोला धरूनही रोज दोन तास त्यांच्याशी भांडायची. "तिथं मी कढीला फोडणी दिली की चार दारांतून विचारायचे, आज काय विशेष? इथं काल भात करपला. तोंडदेखलं नाक मुरडायलासुद्धा कोणी नाही रे."

भगवान सव्वा तासाने उठला. तेवढ्या वेळात चाळीतली सगळी दारं बोलण्यात येऊन गेली, नवरा तेवढा आला नाही. पिशवी तशीच खांद्याला होती हे त्याला दुसऱ्या मजल्यावर आठवलं. पण ज्यांच्याकडे चहा घेतला त्यांच्याच दारात माल विकायला परत जाणं त्याच्याने होईना.

"किती विकल्या?" खातूसाहेबांनी विचारलं.

"एक पन नाय."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

"बसलो व्हतो. मावशी बोलत व्हत्या."

साहेब उठले. त्यांनी कार्यालयाचं दार लावलं आणि परत येऊन बसायचं विसरले.

"बोलत होती?"

"चाळीचं सांगत व्हत्या. एकदा हसल्या पन."

खातूसाहेब खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिले. "ते माझं घर आहे," ते म्हणाले. "तुमच्या आधी अकरा जण पाठवले. अकराही जण साखळी विकून पाच मिनिटांत खाली. ती पैसे देते आणि दार लावून घेते. माळ्यावर साखळ्या साठल्यात. घरात माणूस यावं, चार शब्द बोलावेत, एवढंच मला... इथं येऊन सात महिने झाले. माझ्याशी ती 'पान वाढलंय' एवढंच बोलते."

समोर मेज होतं, मेजावर नेमणुकीचं छापील पत्र होतं. साहेबांनी त्यात त्याचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. सहीच्या जागेवर आल्यावर पेन थांबलं.

"माझ्याबद्दल," वर न बघता त्यांनी विचारलं, "काही बोलली का?"

भगवानने त्या थांबलेल्या पेनाकडे बघितलं. मग साहेबांच्या खाली घातलेल्या मानेकडे.

"बोलल्या तर," तो म्हणाला. "म्हनाल्या, हे दमून येतात, त्यांना कशाला माझं रडगानं ऐकवू?"