खोटे साहेब

'नामंजूर.'

अर्ध्या सेकंदात उत्तर आलं आणि ती खूश झाली. खोटे साहेब आज शहाण्यासारखे वागत होते.

खोटे साहेब म्हणजे कुणी माणूस नव्हे. रजेच्या अर्जांची नवी व्यवस्था तपासायला तिने उभा केलेला सर्व्हर. खऱ्या साहेबांना कशाला त्रास? अर्ज टाकायचा, त्यांच्या वतीने हा उत्तर देणार. या आठवड्यात तिने त्याला एकच शब्द पढवला होता. नकार आल्यावर पुढची कामं सुरळीत होतात का, ते बघायचं होतं. अर्जही खोटेच; ती आणि शेजारच्या टेबलावरचा जोडीदार मिळून टाकायचे. कारणाच्या रकान्यात मनाला येईल ते. 'मांजरीचं लग्न.' 'सासूबाई हसल्या म्हणून.'

दुपारी तिने यादी उघडली.

'आई आजारी आहे.' नामंजूर.

'आई सारखं नाव घेतेय. दोन दिवस द्या.' नामंजूर.

'आई गेली. अर्धा दिवस तरी.' नामंजूर.

"काय रे, असली थट्टा करतात का?"

"मी आज एक तरी अर्ज टाकला असेल तर शपथ!" जोडीदार तिच्या पडद्यावर वाकला. मग हळूच म्हणाला, "अगं, अर्जावरचा हा नंबर गेटवरच्या काकांचा."

तिला आठवलं. सोमवारी तपासणीसाठी तिनेच गेटवाल्यांचे खरे अर्ज तासाभरापुरते खोट्या साहेबांकडे वळवले होते. परत फिरवायचे राहून गेले.

तिने उत्तराचा शब्द बदलला आणि पाच जिने धावत उतरली.

काका गेटवर उभे होते. टोपी सरळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"अगं पोरी, लिफ्ट बंद पडली की काय?"

"काका, अर्ज... परत टाका. आत्ता."

"नको गं. तीनदा नाही म्हणाले साहेब. विचार करूनच म्हणाले असतील ना."

"टाका ना, काका!"

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा पुसला, बोट टेकवलं. हात खाली येण्याआधीच फोन थरथरला.

'मंजूर.'

काकांनी फोन कपाळाला लावला. सकाळपासून अडवून धरलेलं पाणी गालांवर उतरलं.

"बघ, शेवटी पाझर फुटला," ते म्हणाले. "तू वरच असतेस ना, पोरी? साहेबांना माझा नमस्कार सांग."